बेटावरचा वेल आणि पाय धुण्याचा दगड

आमच्या पानमळ्यात जोडा घालून कुणी शिरल्याचं मी पाहिलेलं नाही. पटवारी मोजणीला आला तरी जोडे बाहेर काढायचा. एकदा एक पोलीस जमादार बूट काढायला तयार होईना, तेव्हा काकांनी त्याला बाहेरच बाजेवर बसवलं, तिथेच विडा दिला आणि तिथूनच वाटेला लावलं. नागवेल म्हणजे आमच्या घरचं दैवत. घरच्या बायकासुद्धा मळ्यात पाऊल टाकत नसत. खुडून आणलेली पानं निवडायचं काम त्या घरी बसून करत.

नुसते जोडे काढून भागत नसे. विहिरीचा पाट जिथे मळ्यात वळतो, अगदी तिथे एक काळा सपाट दगड रोवलेला होता. त्यावर उभं राहायचं, पाटातलं पाणी ओंजळीने पायांवर घ्यायचं, घोटे चोळायचे आणि मग आत जायचं. धुतलेलं पाणी पाटातच पडे आणि पाटाबरोबर वाफ्यांत जाई. इतक्या लोकांनी त्या दगडावर पाय घासले होते की त्याला मधोमध खळगा पडला होता. लहानपणी मी त्या खळग्यात पाणी साठवून कागदाच्या होड्या सोडत असे आणि काकांचा मार खात असे.

आमचं गाव वाशीमच्या दक्षिणेला, नदीकाठी. अलीकडे वऱ्हाड, पलीकडे निजामाची मोगलाई. वाशीम तालुका तेव्हा अकोला जिल्ह्यात मोडत होता. वडील मी लहान असतानाच गेले, त्यामुळे मळा काकांचा आणि हिशेब माझा अशी आमच्या घरात कामाची वाटणी झाली होती. काका शेवरीच्या सडपातळ झाडांना वेल बांधत, वेल उतरवून मातीत पुरत, अंगठ्याला लोखंडी नखी चढवून पानं खुडत. मी पानं मोजत असे, शंभराच्या चवडी लावत असे आणि बाजार गाठत असे. मला मोजल्याशिवाय चैन पडत नाही. माझी बायको शेजारणींना सांगे, "आमच्या घरी भाकरी बी मोजून खातात."

आमचं पान आकाराने लहान, रंगाने काळसर हिरवं आणि चवीला तिखट. पाहताक्षणी डोळ्यांत भरेल असं नव्हतं. पण एकदा ज्याच्या तोंडाला लागलं तो दुसरं पान मागत नसे. मेडशीच्या बाजारापर्यंत ते जाई. या वेलाचं मूळ ठिकाण मात्र मळा नव्हता. मळ्याच्या थोडं वर नदी दुभंगते आणि दोन धारांच्या मध्ये एक उंच, खडकाळ बेट उरतं. तिथे उंबर, करंज आणि जांभळाची झाडं आहेत. त्या उंबरांवर आमच्या खापरपणज्यांनी पहिला वेल चढवला असं घरात सांगत. पुराचं पाणी तिथे चढत नाही. बेटावरची पानं आम्ही विकत नसू. नागपंचमीच्या पूजेला तिथली पाच पानं काका आदल्या दिवशी नदीत उतरून घेऊन येत. बाकी वर्षभर तिकडे कुणाचं जाणं नसे.

नागपंचमी हा पानमळेवाल्यांचा सगळ्यात मोठा सण. त्या दिवशी आम्ही पान खुडत नाही, जमीन उकरत नाही, विळा-कोयता हातात घेत नाही. आजूबाजूच्या गावांतले आणि नदीपलीकडचे पानमळेवाले नातलग एकमेकांच्या मळ्यांत जातात, वेलाला दूध दाखवतात. आधी आपल्या मळ्यातली पूजा उरकायची आणि मग पाहुण्यांच्या मळ्याकडे निघायचं, असा क्रम असे. श्रावणाचे दिवस असल्यामुळे सगळे चिखल तुडवत येत.

अशाच एका पंचमीला काकांचे व्याही खांद्यावर ओल्या गोणपाटाचा गठ्ठा घेऊन आले. काकांची एकुलती एक मुलगी, माझी चुलत बहीण, त्यांच्या घरी दिली होती. व्याही मोगलाईतले बडे पानमळेवाले. त्यांचा आवाज मोठा, फेटा मोठा आणि मनही मोठं. गठ्ठ्यात लांबून कुठून तरी आणलेल्या नव्या जातीच्या वेलाचे तुकडे होते.

"इवाई, हे पान पाहा," त्यांनी तळहाताएवढं फिकट पान काकांपुढे धरलं. "तुमचं पान म्हंजे उंदराचा कान. हे लावा, दोन वर्सात माडी बांधता का नाई पाहा."

लेकीच्या सासऱ्याने दिलेली भेट. ती कोण नाकारणार? दुसऱ्या दिवशी काकांनी पाचव्या वाफ्यात ते वेल लावले. पहिलं वर्ष मोठ्या आनंदाचं गेलं. पानं मोठी, वाढ जोरात, बाजारात लोक थांबून पाहायचे. चवीला ते पान म्हणजे ओला कागद होता, पण चवीपेक्षा आकाराला भाव असतो हे मी हिशेबावरून सांगू शकतो.

पुढच्या श्रावणात त्या वाफ्यातल्या पानांची चकाकी गेली. मग ती पिवळी पडून लोंबू लागली. बुडाशी माती बाजूला करून पाहिलं तर वेल काळा पडून मऊ झालेला. बोटाने दाबला की साल निघून हातात येई आणि कुजकट वास सुटे. आठवडाभरात पाचवा वाफा वाळला. मग शेजारचा. काकांनी दोन्ही वाफे उपटून जाळले. नदीपलीकडून निरोप आला की व्याह्यांच्या मळ्यातही तोच प्रकार आहे आणि त्यांच्या आसपासच्या मळ्यांतही.

गावात एकच बोलणं: नाग कोपला. त्यावर उपाय म्हणून पुढच्या पंचमीला काकांनी जास्त पाहुणे बोलावले. पूजा मोठी केली. ज्यांचे मळे गेले होते ते तर आवर्जून आले, कारण त्यांना पूजायला दुसरा वेल उरला नव्हता. सगळ्यांनी मनोभावे दगडावर उभं राहून पाय धुतले. काही दिवसांतच आमचा मळा पुन्हा पिवळा पडू लागला, या वेळी आणखी जोरात. गावातले बाकीचे मळे तोवर नांगरून तिथे ज्वारी पेरली गेली होती. आमचा तेवढा उरला होता.

काका त्या दिवसांत जेवताना एकदा म्हणाले, "हा वेल गेला तं मी कोन? पऱ्हाटी तं कोनी बी पेरते."

त्या सुमारास शेतकी खात्याचा एक माणूस फिरतीवर आला. चांगला माणूस होता. दगडावर पाय धुऊन मळ्यात आला, वेलाचं बूड हुंगलं आणि म्हणाला, "ही मर आहे. हवेतून उडत नाही, मातीतून आणि पाण्यातून जाते. मेलेला वेल जाळा, मोरचूद-चुन्याचं पाणी बुडात घाला." आम्ही तसं केलं. मर सावकाश चालू लागली, पण थांबली नाही.

मी माझ्या पद्धतीने कामाला लागलो. वाटीत गेरू कालवला आणि ज्या शेवरीवरचा वेल मेला त्या शेवरीच्या खोडाला छातीच्या उंचीवर एक तांबडा पट्टा ओढला. रोज सकाळी फिरायचं आणि पट्टे ओढायचे. लोक हसले. शेजारचा मोटकरी म्हणाला, "मेलेल्या झाडाले टिळा कायले लावून राह्यले, मालक? लगन लावता का त्याचं?"

भादव्याच्या अखेरीस एका सकाळी विहिरीच्या धावेवर चढलो. मोटेचे बैल मागे-पुढे करतात तो हा उंचवटा. तिथून सगळा मळा दिसतो. पहिले दोन वाफे पूर्ण तांबडे. तिसऱ्यात एखादंच खोड बिनपट्ट्याचं. पुढे पट्टे विरळ होत गेलेले आणि पाटाच्या अगदी शेवटच्या वाफ्यात एकही नाही. मला वाटलं होतं मर पाचव्या वाफ्यातून, व्याह्यांच्या वेलापासून पसरली असेल. पण पाचवा तर जाळून टाकला होता आणि पट्टे सुरू होत होते पाटाच्या तोंडापासून. पाटाच्या तोंडाशी वेल नव्हता. तिथे नुसता दगड होता.

मोट चालू नसली तरी पावसाचं पाणी त्याच पाटाने आत जातं. पंचमीला ज्यांच्या मळ्यांत वेल कुजले होते, ते आपापल्या वाफ्यांतून थेट इथे आले होते. त्यांच्या पायांचा चिखल आम्ही श्रद्धेने आमच्या पाटात धुऊन घेतला होता, आणि पाटाने तो इमानदारीने वाफ्यावाफ्याला वाटला होता. नाग कोपला म्हणून पाहुणे वाढवले तसे पाय वाढले.

मनात आलं ते खरं की खोटं हे पाहायला मी त्याच दिवशी बेटावर गेलो. नदी मांडीएवढी होती. पलीकडे चढलो तेव्हा पाय लहान मुलाच्या पायांसारखे स्वच्छ झाले होते. उंबरांवरचा वेल बुडापासून शेंड्यापर्यंत हिरवागार होता. एक पान पिवळं नव्हतं.

संध्याकाळी काकांना सांगितलं. ते बाजेवर बसून नखी पुसत होते.

"काका, मर पाटानं येऊन राह्यली. त्या दगडापासून."

"चार पिढ्यायनं पाय धुतले त्या दगडावर. तवा नाई मेला वेल?"

"तवा पाहुन्यायच्या मळ्यात मर नव्हती."

"म्हंजे पाहुने मर घेऊन येतात?"

"पायाले चिखल घेऊन येतात. आपन तो धुऊन पाटात सोडतो. बेटावर जाताना पाय नदीत धुतल्या जातात, थे पानी खाली वाहून जाते. म्हनून तिथला वेल जित्ता हाय."

काकांनी नखी बाजूला ठेवली. बेटावरून तुकडे आणून नव्या जागी लावायची गोष्ट त्यांना एकदम पटली. ती त्यांच्याही मनात होती. पण दगड हलवायचं नाव काढताच त्यांचा आवाज चढला.

"आन इवायाले काय सांगू? तुमचे पाय खराब हायेत, दारातून वापस जा? माही लेक नांदते त्या घरात. तुह्या आकड्यायले सासुरवास नाई भोगा लागत, लेका."

मी उठून बाजाराचा हिशेब लिहायला बसलो.

मळ्यात जे उरलं होतं तेही दिवाळीपर्यंत गेलं. आम्ही सगळा मळा उपटला आणि जाळला. शेवऱ्यासुद्धा ठेवल्या नाहीत. विहिरीच्या वरच्या अंगाला एक पडीक पट्टी होती, तिथे कधी वेल लागला नव्हता. ती खणली, नवा पाट काढला, माघात शेवरी पेरली. मृगापर्यंत ती पुरुषभर उंच झाली. दगड मात्र काकांनी उचलून नव्या पाटाच्या तोंडाशी, होता तसाच रोवला.

मृगाचा पाऊस लागल्यावर काका आणि मी बेटावर गेलो. वेलाचे किती तुकडे घ्यायचे यावर आमचं उंबराखाली उभ्या उभ्या भांडण झालं. मला निम्मा वेल मागे ठेवायचा होता. काका म्हणाले, "थोडे लावले तं मळा होत नाई." शेवटी त्यांनी कापले ते माझ्या हिशेबापेक्षा बरेच जास्त. उंबरावर वाळक्या सुतळीएवढा वेल उरला. हे तुकडे मेले असते तर आमचं पान जगातून गेलं असतं. कारण दुसरीकडे कुठेही ते उरलं नव्हतं.

तुकडे ओल्या फडक्यात बांधून आम्ही परत नदीत उतरलो. काका पुढे होते. बेटाच्या उतरणीचा तांबडा चिखल त्यांच्या पोटऱ्यांपर्यंत माखला होता. धारेत पाय पडताच त्या चिखलाची तांबडी रेघ निघाली आणि धारेबरोबर खाली लांबत गेली. काका थांबले. पाणी नितळ झालं तरी ते खाली पाहत राहिले. मी मागे उभा होतो, मला वाटलं काटा लागला.

मळ्याशी पोचलो तोवर वाटेतल्या काळ्या मातीने पाय पुन्हा भरले होते. काका सवयीने दगडावर चढले. ओंजळभर पाणी पायावर घेतलं. काळं पाणी दगडावरून घसरलं, पाटात पडलं आणि वळण घेऊन नव्या वाफ्याच्या दिशेने निघालं. काकांनी चटकन खाली वाकून दोन्ही हातांनी ते अडवलं. ते लहान मुलासारखे पाटात हात रोवून बसले आणि मला म्हणाले, "पाहतोस काय? माती टाक, माती!"

मी ढेकळं टाकून पाट बुजवला. त्या दिवशी आम्ही रस्त्यापलीकडे जाऊन पाय धुतले आणि मग तुकडे लावले.

दगडाचं पटलं, तरी व्याह्यांचं कोडं राहिलंच होतं. पंचमी जवळ येत चालली. तुकड्यांना कोवळी पानं फुटली होती. काका रोज म्हणत, "या साली पंचमी नको ठेवायले." पण उभ्या मळ्यात पंचमी करायची नाही म्हणजे पाहुण्यांनी काय समजायचं? त्यावर तोड माझ्या बायकोने काढली. ती ओसरीवर डाळ निवडत होती, काका आणि मी वाद घालत होतो. तिने मान वर न करता, पण काकांना ऐकू जाईल अशा बेताने मला विचारलं.

"अवो, लग्नात नवरदेवाचे पाय कोन धुते?"

"सासरा. काहून?"

"तवा नवरदेव रागावते का? उलटा फुगते. अडवता कायले मानसायले? परात मांडा, पाट टाका, पाय धुवा. मान देला तं कोनी भांडत नसते." मग सुपातला खडा वेचत म्हणाली, "आन पानी तापवाले आमी हाओतच. मळ्याच्या बाहीर तं आमाले मज्जाव नाई न?"

काका हसले. त्या वर्षात ते हसलेले मला तेव्हाच दिसले.

पंचमीला जमीन उकरायची नसते, म्हणून आदल्या दिवशीच काकांनी पहार घेऊन दगड उपटला. आम्ही तो लोळवत रस्त्यापलीकडच्या उतारावर नेला आणि बाभळीखाली बसवला. तिथून पाणी नाल्याकडे जातं, मळ्याकडे येऊ शकत नाही. उताराला एक खड्डा खणून ठेवला. मळ्याच्या तोंडाशी हातभर रुंद चुन्याचा पट्टा अंथरला. पानवाल्याच्या घरी चुन्याला तोटा नसतो.

पंचमीला सकाळपासून काका पितळी परात घेऊन दगडापाशी बसले. मागे चुलीवर हंडा. बायको आणि शेजारच्या दोघी गरम पाण्याचे तांबे पुरवत होत्या. पहिले दोन-तीन पाहुणे गोंधळले, पण काकांच्या वयाकडे पाहून मुकाट बसले आणि पाय धुऊन घेतले. मग फेटा दिसला. व्याही. त्यांच्या खांद्यावर ओल्या गोणपाटाचा गठ्ठा होता.

माझ्या हातातला तांब्या तिथेच थांबला. त्यांनी जोडे काढले, आधी आमच्या नव्या मळ्याकडे पाहून मान डोलावली, मग दगडाकडे पाहिलं.

"इवाई, हे काय नवीन काढलं? देव रस्त्यावर आनून ठेवला का?"

"बसा," काका म्हणाले. "लेकीच्या लग्नात तुमच्या पोराचे पाय धुतले म्या. बापाचे राह्यलेच होते."

भोवतालचे लोक हसले. व्याही फेटा सावरून ऐटीत दगडावर बसले आणि दोन्ही पाय परातीत ठेवले. काकांनी त्यांची बोटं, बोटांमधली बेचकी, टाचांच्या भेगा, एकूण एक घासून काढलं. नवरदेवाचे पायसुद्धा इतके कुणी घासले नसतील. पाणी काळंकुट्ट झालं. मी ती परात उचलून सांभाळत खड्ड्यात ओतली.

"आता या चुन्यावरून चाला," काका म्हणाले.

"अन हे?"

"पान चुन्याबिगर रंगते का? मंग पानमळेवाल्याचा पाय कोरा कायले ठेवा?"

"ऐका!" व्याही सगळ्यांकडे वळून ओरडले. "इवाई मले भर पंचमीले चुना लावून राह्यला!"

हशा पिकला. पांढरे पाय करून घेण्यात मग पाहुण्यांची चढाओढच लागली. पण गठ्ठा अजून त्यांच्या खांद्यावरच होता आणि आत शिरता शिरता त्यांनी तो पुढे केला.

"मागचा वेल मेला म्हनून औंदा दुसरा आनला. लय जोरदार हाय, मी सोता..."

काकांनी गठ्ठा दोन्ही हातांनी घेतला. कपाळाला लावला. बायकोच्या हातून कुंकवाचा करंडा मागून त्यावर बोट टेकवलं. काका रस्ता ओलांडून गेले आणि त्यांनी तो गठ्ठा बाभळीच्या फांदीला दोरीने टांगला.

व्याह्यांचा चेहरा उतरला. "माह्या वेलाले फाशी देली, इवाई?"

"फाशी कायची? पंचमी हाय. झोका बांधला त्याले," काका म्हणाले आणि गठ्ठ्याला हलकेच झोका दिला. "आज जमीन उकराची नसते, तुमाले मालूम हाय. तवर घेऊ द्या झोके."

बाया आधी हसल्या. मग सगळे. शेवटी व्याह्यांनाही हसू आवरेना. ते हसत हसत चुन्यावरून चालत मळ्यात गेले आणि त्यांनी आमच्या कोवळ्या वेलापुढे दूध ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्यांची बैलगाडी नदीपलीकडे दिसेनाशी झाल्यावर माझ्या बायकोने तो गठ्ठा पाणी तापवायच्या चुलीत घातला.

त्यानंतरचे दिवस मी रोज सकाळी, पाय धुऊन, एकेका वेलाच्या बुडाशी वाकून पाहत असे. आधीच्या सालांत पंचमीनंतर जो काळ वाईट गेला होता तो येऊन गेला. भादवा सरला. बुडं हिरवी आणि टणक. गेरू कालवून ठेवलेली वाटी वळचणीला तशीच राहिली. गेरू वाळून त्याला तडे गेले आणि एके दिवशी कुणीतरी त्याने तुळशीचा ओटा सारवला. दसऱ्याला वेल माझ्या छातीशी आला, जिथे मी पूर्वी पट्टे ओढत होतो तिथे. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही पहिलं पान खुडलं. पहिली चवड काकांनी नदीत उतरून बेटावर नेऊन ठेवली. तिथल्या उंबरावरचा उरलासुरला वेलही पुन्हा जाड झाला होता.

मेडशीच्या बाजारात एक म्हातारा पानवाला होता. त्याने चवडीतलं एक पान उचललं, देठ खुडला, तोंडात टाकून चावलं आणि डोळे मिटले. मग शेजाऱ्याला हाक मारली, "अबे, इकडे ये! थो तिखट्या वापस आला!" त्या दिवशी आमची टोपली दुपारच्या आत रिकामी झाली. माझं मोजायचं राहून गेलं, आयुष्यात पहिल्यांदा.

त्याच वर्षी व्याही आले. फेटा तोच, आवाज खाली. त्यांचा दुसरा वेलही मेला होता आणि मळ्यात तुरी उभ्या होत्या. न सांगता ते दगडावर जाऊन बसले, स्वतःच पाय धुतले आणि काकांना म्हणाले, "इवाई, थो उंदराचा कान मले देता का?"

काकांनी विचारलं नाही की माडी कुठवर आली. मी विचारणार होतो, पण बायकोने दारातून डोळे वटारले. आम्ही त्यांना वेल दिला, वाफा कुठे करायचा ते सांगितलं, दगड कुठे ठेवायचा तेही सांगितलं. बेटावरचा वेल नदी ओलांडून मोगलाईत गेला. मागाहून तो गावातल्या इतर मळेवाल्यांनीही नेला. ज्वारीचे तुकडे मोडून पुन्हा शेवरीच्या रांगा उभ्या राहिल्या.

दोन वर्षांनी मी बहिणीला भेटायला पलीकडे गेलो. तिच्या सासऱ्यांचा मळा रस्त्यावरून दिसला. शेवरीच्या शेंड्यापर्यंत वेल, मधे उजेड शिरायला जागा नाही. मी जोडे काढून भराभर निघालो तर मळ्याच्या बाहेर, उतारावर, दगडाशेजारी माझी बहीण कळशी घेऊन उभी होती.

"दादा, थांब. आंधी पाय."

"अवं, हे तुमाले शिकवलं कोनी?"

"तुमीच लोकायनं. पाय काढ फुडे."

मी दगडावर उभा राहिलो. तिने पाणी ओतलं. नदीकाठचा चिखल माझ्या घोट्यांवरून उतरला आणि उताराने नाल्याकडे वाहत गेला. एकही थेंब मळ्याकडे वळत नाही हे मी नीट पाहून घेतलं, आणि मगच आत गेलो.